अप्पांची सहा दुकानं

आमच्या जुन्या पेठेत मन्मथअप्पा रोज सकाळी सात वाजता सहा दुकानं उघडतात. त्यातलं एक त्यांचं आहे. बाकीच्या पाच दुकानांत विकायला टाचणीसुद्धा नाही. तरी अप्पा एकेक शटर वर ढकलतात, आत झाडू मारतात, उंबऱ्यावर पाणी शिंपडतात, उदबत्ती लावतात, ट्यूब सुरू करतात आणि पुढच्या दुकानाकडे वळतात. संध्याकाळी पुन्हा तीच यात्रा उलटी. परगावच्या माणसानं बघितलं तर म्हणेल, काय पसारा आहे या गृहस्थाचा.

मी समोरच मॅचिंग सेंटर चालवते. म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. बायकांना साडीच्या रंगाचा तुकडा शोधून द्यायचा, त्यांनी तो उन्हात नेऊन बघायचा, नाक मुरडायचं, आणि मी परत घडी घालायची, असा माझा वीस वर्षांचा धंदा. इतक्या घड्या घातल्यावर माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. माझाही राहिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी अप्पांना बरंच बोलणार आहे.

पहिल्यांदा त्यांना रिकाम्या दुकानात उदबत्ती ओवाळताना बघितलं तेव्हा मी विचारलं, की अप्पा, हे काय नवीन खूळ? अप्पांना माझ्याच डोक्याची काळजी वाटली.

"खूळ कसलं? शटर हे दुकानाचं तोंड हाय. मिटल्या तोंडात कुणी घास घालत न्हाई."

आता हे तोंड मिटलं कसं, तेही सांगते. पूर्वी तेलगावकडून सिरसाळ्याकडे जाणारी प्रत्येक एसटी आमच्या पेठेतून, आमच्या पायऱ्या घासत जायची. मग गावाबाहेरून नवा रस्ता झाला. फाट्यावर स्टँड आला, हॉटेलं आली, गाळे बांधले गेले, आणि गाड्या तिथंच थांबायला लागल्या. पेठेत दुपारी कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायला लागली आणि त्यांना हाकलायला कुणी येईना. घड्याळं दुरुस्त करणारे रऊफभाई आधी दुकान उठवून गेले. मग कापडाचं दुकान गेलं. दीड वर्षात पाच शटरं पडली. दरवेळी अप्पा जागामालकाला गाठायचे, "रिकामं ठिवू नका, उंदरं व्हतील, मी बघतो," म्हणायचे आणि चावी आपल्या करदोट्याला बांधायचे. चालताना त्या चाव्या अशा वाजतात की बैल आला असं वाटून म्हातारी माणसं बाजूला होतात.

एकदा सिरसाळ्याचे एक बाबा त्या बंद पडलेल्या कापडाच्या दुकानात चढले आणि धोतरजोडी मागू लागले. समोरच्या भिंतीला मागायचे, कारण दुकानात दुसरं कोणी नव्हतं. अप्पा हातात झारा घेऊन रस्ता ओलांडून पळत आले. माल वाटेत आहे म्हणाले, बसा म्हणाले, पाणी पाजलं. बाबा तासभर बसले. शेवटी अप्पांनी त्यांना शेजारच्या बालाजी किराणावाल्याकडे नेलं आणि दोन किलो गूळ घ्यायला लावला. धोतराला गेलेला नवरा गूळ घेऊन आला, यावर त्या घरात काय झालं असेल ते देव जाणे.

अप्पांचं स्वतःचं दुकान भांड्यांचं. भांडं बोटाच्या पेरानं वाजवून, कान देऊन, खरं-खोटं सांगायचं. ही खोड पुढे सगळीकडे पसरली. टरबूज वाजवतात, दार वाजवतात, एकदा बँकेतल्या साहेबाचं हेल्मेट वाजवून "हलकं हाय" म्हणाले. कुणी काही नवी गोष्ट सुचवली की अप्पा आधी समोरचं टेबल वाजवणार आणि मग निकाल देणार. घरी ते एकटेच असतात. मुलगा पुण्याला. तो दर दिवाळीला न्यायला येतो, आणि पेठ कुणाच्या भरवशावर सोडू, असं विचारून अप्पा दर दिवाळीला त्याला वाटेला लावतात.

तर या अप्पांनी पेठेचं व्यापारी सुधार मंडळ काढलं. अध्यक्ष स्वतः. सचिव मी. मला कुणी विचारलं नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि रजिस्टर माझ्या परकरांच्या ढिगावर ठेवून गेले.

मंडळाचं पहिलं काम म्हणजे गिऱ्हाईक ड्युटी. अप्पांचं म्हणणं असं, की रिकाम्या दुकानात माणूस चढत नाही, म्हणून आपणच एकमेकांची गिऱ्हाइकं व्हायचं. प्रत्येक दुकानदारानं रोज अर्धा तास दुसऱ्याच्या दुकानात बसायचं. मोबाइल बघायचा नाही. माल हातात घ्यायचा. घासाघीस करायची, आणि ती रस्त्यावर ऐकू गेली पाहिजे. हे सगळे नियम माझ्या चांगल्या अक्षरात रजिस्टरमध्ये आहेत.

माझ्याकडे पहिल्या दिवशी बालाजी आला. ह्या एवढ्या मिशा. परकरांच्या मधोमध तो छताकडे बघत बसला आणि घासाघीस म्हणून दोनदा हळूच विचारलं, "झाला का वैनी अर्धा तास?" दुसऱ्या दिवशी अप्पा आले. ते मात्र ड्युटीला मनापासून लागले. हा हिरवा नाही, हा पोपटी. हा पोपटी नाही, हा शेवाळी. मी वीस तुकडे काढले आणि तोंडानं हसत होते, कारण नियमच तसा होता. मनात काय म्हणत होते ते लिहीत नाही.

तेवढ्यात दिंद्रुडची एक बाई आली. खरी. हातात मरून साडी. मी काढून दिलेला तुकडा तिला पसंत पडला, भावही पटला, ती पिशवी उघडणार, तर अप्पा म्हणाले, "ताई, घिऊ नका. ह्याचं अस्तर लई पातळ हाय. अन् भाव बी चढवून सांगतीया ही." आणि त्या बाईच्या बाजूनं ते माझ्याशी असे भांडले, असे भांडले, की मी भाव पाडला, वर जाड अस्तर दिलं. ती गेल्यावर मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. अप्पा चांगलेच ओशाळले. "रंगात आलतो," एवढंच म्हणाले.

आता गंमत ऐका. पुढच्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, तीच बाई दोन जावांना घेऊन आली. त्या दुकानात एक म्हातारा बसतो, तो खरं सांगतो, असं तिनं गावात सांगितलं होतं. म्हातारा त्या दिवशी कढईच्या गिऱ्हाइकाशी भांडत होता म्हणून माझं बरं झालं.

मग पेठेच्या तोंडाशी कमान बांधायचा विषय निघाला. सगळ्यांना कमान हवी होती. कमानीवर नावं येतात. बालाजीनं तर आपलं नाव कुठं यावं ते बोटानं हवेत दाखवलं. अप्पांनी टेबल वाजवलं. "कमान बघाया कोण येतंय बे? बाया आल्या तर बाजार. अन् बाया दोन दोन तास पाणी न पिता हिंडत्यात, ते कुणाला दिसतं का?"

वीस वर्षं मी त्या पेठेत बसते, माझं निम्मं आयुष्य याच अडचणीत गेलं, दुपारचं पाणी पिणं मी कधीच सोडून दिलं होतं, आणि ती गोष्ट सभेत पहिल्यांदा बोलला तो सत्तरीचा भांडेवाला. शौचालय हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघेना. "ती सोय" म्हणाले. आजतागायत मंडळाच्या कागदोपत्री ती "ती सोय"च आहे. विटा आल्या, टाकी आली, दाराला आतून चांगली कडी आली. अप्पांनी कडी स्वतः सतरा वेळा लावून-काढून बघितली.

उद्घाटनाला गावचे पुढारी हार घालून आले. फीत कुठं बांधलीय ते बघितल्यावर त्यांना अचानक दुसरीकडे लग्न आठवलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी अप्पा मला म्हणाले, सचिव तुमी हाय, कापा. माझ्या दुकानातल्या अस्तर कापायच्या कात्रीनं मी ती फीत कापली आणि पहिला मान माझाच आहे म्हणून आत जाऊन कडीसुद्धा लावून आले. बाहेर टाळ्या पडल्या. आयुष्यात मला टाळ्या पडल्या त्या एवढ्याच.

बाया यायला लागल्या. मंगळवारी तर चांगल्या यायला लागल्या. कुत्री मधून उठून कडेला झोपायला लागली.

आणि आता जे सांगायला मला लाज वाटते ते सांगते. ही सचिव, ही टाळ्या खाणारी बाई, त्या टाळ्यांच्या आधीच फाट्यावर गाळा धरून बसली होती. गाळा नंबर चार. लग्नसराईत साड्या घेऊन येणाऱ्या बायका तिथं उतरतात आणि तिथूनच परत जातात. लेक नर्सिंगला आहे. मंगळवारावर घर चालत नाही. मी ठरवलं होतं की मुकाट्यानं एका रविवारी सामान हलवायचं, चावी बालाजीकडे ठेवायची, आणि अप्पांची नजर चुकवायची. बरं, नजर चुकवायची ती कशी? त्याच महिन्याच्या सभेत ठराव झाला, की यापुढे कुणीही पेठ सोडू नये. सूचक अप्पा. अनुमोदक कोण, म्हणून अप्पांनी चष्म्यावरून सगळीकडे बघितलं आणि माझ्यावर येऊन थांबले. मी हात वर केला. ठराव लिहिलाही मीच. चांगल्या अक्षरात.

जायच्या आधी गाळा एकदा बघून यावा म्हणून फाट्यावर गेले, तर गाळ्याचा मालक मला बघून वैतागला. "ताई, तुमच्या थोरल्या भावाला आवरा," म्हणाला. मला भाऊच नाही. मी विचारलं, कोण भाऊ? म्हणाला, कमरेला चाव्या, बोटानं सगळं वाजवत फिरतात ते. तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा शटर वाजवलं, बहिणीच्या खांद्याला झेपणार नाही म्हणाले, आणि तेल घालून घेतल्याशिवाय हलले नाहीत. दुसऱ्यांदा, पुढं ऊन येतंय, कापडाचा रंग उडेल, पत्रा वाढवा. तिसऱ्यांदा बायकांसाठी "सोय" पाहिजे म्हणून बसले. मालक म्हणाला, कसली सोय ते कळायलाच मला अर्धा तास लागला.

मी विचारलं, पहिल्यांदा कधी आले होते? त्यानं सांगितलं त्यावरून हिशेब लागला. तीन आठवड्यांपूर्वी, म्हणजे ठरावाच्या आधी.

परत येताना मला आधी राग आला. या माणसाला कुणी सांगितलं होतं नसत्या पंचायती करायला? मग राग कुठं गेला कळलं नाही आणि नुसतं रडू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पेठेत गेले. अप्पा रऊफभाईंच्या रिकाम्या दुकानात झाडत होते. मी पायरीवरूनच म्हटलं, "अप्पा, तुम्ही फाट्यावर गेला होतात."

"गेलतो. गाळा धरल्याचं कानावर आलतं."

"मग मला काही बोलला का नाहीत? वर ठरावाला हात वर करायला लावलात."

"तवाच सांगाल, मी जातीया म्हनून, असं वाटलं व्हतं," अप्पा म्हणाले. "तुमाला जायाच पायजे, माय. बाया तिथंच उतरत्यात. मला काय कळत न्हाई व्हय?"

मग झाडू भिंतीला लावून ते उंबऱ्यावर बसले. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

"रऊफ गेला त्या दिशी सकाळी त्येचं शटर बंद व्हतं. मला वाटलं ताप आला आसंल. दुपारी खिचडी केली, डबा घिऊन त्येच्या घरी गेलो, तर घराला कुलूप. चौतीस वर्सांचा शेजार. त्येची गिऱ्हाइकं मला इचारायची, कुठं गेले? मी काय सांगू? पाच जण गेले. एकानं बी सांगितलं न्हाई. माणसं मला भेत्यात का काय, कुणास ठाऊक."

बालाजीकडे चावी ठेवून, न सांगता जाणारी सहावी मीच होते, हे माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. त्याऐवजी, त्यांना तीन आठवड्यांपासून माहीत असलेली गोष्ट मी त्यांना नव्यानं सांगितली. एकेक शब्द सुटा करून सांगितली. "अप्पा, मी येत्या सोमवारपासून फाट्यावर जातेय. गाळा नंबर चार. एसटी स्टँडच्या समोर."

अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. गाळा नंबर पुन्हा विचारला. सामान किती वाजता निघणार ते विचारलं. आठला म्हटल्यावर म्हणाले, मग सातला या, च्या घिऊ.

"आता तुमचं गिऱ्हाईक आलं तर मला सांगता यील," अप्पा म्हणाले. "आमाला सांगून गेली, म्हनीन."

आणि झाडू उचलून त्यांनी राहिलेला केर काढायला घेतला.