डावीकडे जाणारे सासरे

सरळ रस्त्यावर जावयाची गाडी सरळ जात होती. त्याच रस्त्यावर सासऱ्यांची गाडी दर वेळी डावीकडे सरकून गवतात शिरत होती.

रस्ता संगणकाच्या पडद्यावरचा होता. जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेले स्टिअरिंग मात्र हुबेहूब गाडीचे वाटे. त्याच्या पोटातली मोटर खड्डा आला की हाताला हिसका देई, वळणावर चाक जड करी. वजनकाट्यांचा खरेपणा तपासणे हा जावयाचा पेशा. या स्टिअरिंगवर त्याचा फार जीव.

"बाबा, गाडीची किल्ली द्या इकडे," लेक म्हणाली. "हातावर ताबा राहिला नाही तुमचा."

सासऱ्यांनी खिसा घट्ट धरला. "खेळण्यावरून बापाची परीक्षा घेतेस? जावईबापू, तुमचं यंत्रच वाकडं आहे!"

हे जावयाच्या वर्मी लागले. त्याने टेबलावर सपाटी तपासायची पाणसळ ठेवली. टेबल निर्दोष निघाले. मग त्याने मोटरचा जोर वाढवला, तेव्हा सासरे, स्टिअरिंग आणि टेबल असे तिघेही डावीकडे सरकले आणि पाण्याचा जग जमिनीवर आला.

"आता जेवायचं कुठे? गवतात?" लेकीने विचारले.

अखेर त्याने मोटर बंदच केली. चाक निर्जीव, हलके झाले आणि सासरे नाकासमोर गेले. मोटर सुरू केली, पुन्हा गवत.

"बाबा, किल्ली द्या," जावई म्हणाला.

"तुम्हीसुद्धा?" सासऱ्यांचा चेहरा पडला.

"एक चक्कर मारून बघायचीय फक्त. तुम्ही दोघंही चला."

रिकाम्या गल्लीत जावयाने सासऱ्यांची जुनी गाडी अगदी हळू, सरळ नेली आणि स्टिअरिंगवरचे हात उचलले. गाडी शांतपणे उजवीकडे वळली आणि समोरच्या घराच्या कुंपणात तोंड खुपसून थांबली.

"अहो, सोडताय काय!" सासरे मागून ओरडले. "डावीकडे ओढून धरावी लागते तिला!"

"कधीपासून?" लेकीने विचारले.

"पहिल्यापासून. गाडी म्हटली की ओढणारच ना?"

जावयाने उघड्या खिडकीतून केसांत पडलेली कुंपणाची पाने झटकली आणि किल्ली परत सासऱ्यांच्या हातात ठेवली. गाडी गॅरेजमध्ये गेली.

कारण साधे होते. गाडीच्या पुढच्या चाकांचे अलाइनमेंट बिघडले होते आणि ती उजवीकडे ओढत होती. सासऱ्यांच्या हाताला तिला डावीकडे रेटायची सवय जडली होती. मोटर सुरू असली की टेबलावरचे स्टिअरिंग इतके खरे वाटे की हात त्यालाही गाडीच समजून रेटत.