बावीस फरश्या आणि एक कान

हॉलची शेवटची फरशी सोमवारी संध्याकाळी पाच वाजता बसली आणि सव्वापाच वाजता कुंडलिकरावांनी ती ठोकून पाहिली.

शिवशरण गवंडी तेव्हा मागच्या नळावर हातपाय धूत होता. त्याआधी त्याने घरच्या चौघांना उंबऱ्याशी उभं करून बजावलं होतं, की खालचा सिमेंटचा माल ओला आहे, चार दिवस हॉलमध्ये कुणी पाय ठेवायचा नाही, मागच्या दाराने ये-जा करायची, मांजर शिरलं तरी हाकलायचं. भारतने मान डोलावली, त्याच्या बायकोने म्हणजे रेश्माने डोलावली, आई बजाबाईंनी डोलावली. वडील कुंडलिकरावांनीही डोलावली. पण त्यांच्या मते हा नियम राहणाऱ्यांसाठी होता, तपासणाऱ्यांसाठी नव्हता.

कुंडलिकरावांनी चौतीस वर्षं होटगी जंक्शनवर रेल्वेची चाकं तपासली होती. गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते एका टोकाकडून निघायचे आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचे. चाक ठण्ण वाजलं तर भरीव, भद्द वाजलं तर आत कुठेतरी चीर. होटगीला विजापूरकडची छोटी गाडी लागायची त्या काळात ज्यांनी पहाटेचा प्रवास केला असेल, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. अर्धवट झोपेत ठण्ण, ठण्ण करत कोणीतरी खिडकीखालून जात असे, आणि आपल्यासाठी कोणी जागं आहे असं वाटून पुन्हा डोळा लागत असे. निवृत्तीच्या दिवशी हातोडा जमा करावा लागला. पुढच्याच आठवड्यात कुंडलिकरावांनी लोहाराकडून तसाच दुसरा करून घेतला. घरात त्याचा काही उपयोग नव्हता. जुळे सोलापुरात भारतच्या घरी चाकं अशी फक्त स्कूटरला होती.

आणि आता ही फरशी. कुंडलिकराव अनवाणी, जपून, एकेका फरशीवर पाय ठेवत हॉलच्या मध्यापर्यंत गेले आणि ठोकत राहिले. एक भद्द. दुसरी भद्द. तिसरीही. तिन्हींवर त्यांनी खिशातल्या खडूने फुल्या मारल्या. इतक्यात शिवशरण हात पुसत दारात आला आणि जागीच थिजला.

"काका, भाईर या."

"ही पोकळ हाय."

"पोकळ न्हाय, ओली हाय. ओलं भद्दच वाजतंय की. वाळू द्या, मग वाजवा."

"रेल्वेत असलं चालत न्हाय. भद्द म्हंजे भद्द."

"रेल्वेची चाकं सिमिटात बसवत न्हाईत, काका," शिवशरण म्हणाला आणि त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आला.

शिवशरणच्या जिवाची घालमेल व्हायला कारण होतं. सिद्धरामअण्णा होटगी रोडला मंगल कार्यालय बांधत होते. एका वेळी हजार पानं उठतील एवढी मोठी फरशी तिथे बसायची होती. शिवशरणने आजवर लहान कामं केली होती, कुणाचं न्हाणीघर, कुणाचा ओटा. एवढं काम मिळालं तर दोन वर्षं कुणाच्या दारी जावं लागणार नव्हतं. अण्णा म्हणाले होते, तुझा हात बघतो, मग ठरवतो. गुरुवारी ते हाच हॉल बघायला येणार होते.

हॉलही बघण्यासारखा झाला होता. त्यासाठी रेश्माने तीन दुकानं आणि दोन रविवार घालवले होते. बजाबाईंना शहाबादीच हवी होती. वीस वर्षं त्या घरात शहाबादीच होती. मे महिन्यात दुपारी उघड्या पाठीने तिच्यावर पडलं की सोलापूरचं ऊन बाहेर राहायचं, आणि सणाच्या आदल्या दिवशी खोबरेल चोळलं की ती काळ्या घोड्यासारखी चमकायची. दुकानदाराने त्यांना शहाबादीसारखी दिसणारी टाईल दाखवली आणि भाव सांगितला. "दगडाचा फोटो काढून दगडापेक्षा म्हाग विकायलेत," असं म्हणून बजाबाई बाहेर जाऊन रिक्षात बसल्या त्या बसल्याच. शेवटी साईच्या रंगाची, आरशासारखी चकचकीत फरशी ठरली.

मंगळवारी पहाटे कुंडलिकराव रेल्वेच्या सवयीने चारला उठले. दुखणं आहे म्हटल्यावर रोज बघायलाच हवं, असा त्यांचा हिशेब. सहा वाजता चहाला आले तेव्हा फुल्या नऊ झाल्या होत्या. भारतने हसण्यावारी नेलं. संध्याकाळी बँकेतून आल्यावर मात्र त्याने उंबऱ्यात बसून, हात लांब करून एक फरशी वाजवली, आणि त्याचा चेहरा पडला. पहाटे फुली न पडलेली फरशीही आता भद्द वाजत होती.

बुधवारी फुल्या बावीस झाल्या.

आता घरात कोणी मोठ्याने बोलेना. घराला काहीतरी रोग लागला आहे आणि तो रात्रीत पसरतो आहे, असं वातावरण झालं. भारतने मोबाईलवर शोधून जमिनीत पाणी असेल, वाळवी असेल, पूर्वी इथे विहीर असेल, अशा तीन शक्यता काढल्या. विहिरीचं ऐकून रेश्माने माहेरी फोन लावला. शेजारच्या शांतम्मा मुद्दाम ऐकायला आल्या. त्यांना कुंडलिकरावांनी एक भरीव आणि एक पोकळ अशा दोन्ही फरश्या वाजवून दाखवल्या. शांतम्मांनी कानावरचा पदर मागे सारून ऐकलं आणि म्हणाल्या, "व्हय की. माठावानी वाजतंय." जाताना त्या आपल्या अंगणातसुद्धा पाय जपून टाकत गेल्या.

दुपारी शिवशरणला बोलावलं. तो आला तो चिडलेलाच होता. बावीस फुल्या पाहून त्याने खिशातून नाणं काढलं, पहिल्या फुलीवर वाजवलं, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि मग न वाजवताच नुसता बघत राहिला. खरोखरच पोकळ. तो कोपऱ्यातलं घमेलं पालथं घालून त्यावर बसला. आधी त्याने वाळूला नावं ठेवली, मग सिमेंटला, मग बोअरच्या पाण्याला. बजाबाईंनी चहा दिला तो तसाच निवला.

"वीस वर्सांत एक फरशी उचलली न्हाय कुणी माझी," तो आपल्या तळहातांकडे बघत म्हणाला. "हातच गेला म्हनायचा. अण्णांना उद्या तोंडावर सांगतो, दुसरा गवंडी बघा म्हनून."

कुंडलिकराव दारात हातोडा टेकवून उभे होते. चौतीस वर्षांत त्यांच्या कानाने असं कुणाला खाली बसवलं नव्हतं. खरं तर त्यांना अभिमान वाटायला हवा होता. तो काही केल्या वाटेना.

शिवशरण गेल्यावर बजाबाई निवलेला चहा ओतायला मोरीकडे निघाल्या, आणि अर्ध्या वाटेत, स्वयंपाकघरात, थांबल्या. त्यांनी पायाखाली पाहिलं. मग कपाच्या बुडाने तिथली, हॉलच्या आधी बसवलेली नवी फरशी वाजवली. ठण्ण. बाजूची वाजवली. ठण्ण. आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालचीही वाजवली. मग त्यांनी नवऱ्याला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"या दोन खोल्या कुणी बसवल्या?"

"शिवशरणनंच की."

"वाळू, सिमिट, पानी?"

"तेच सगळं."

"आन हितलं बसवत हुता तवा तुमी कुटं हुता?"

"होटगीला. केराच्या नातवाच्या बारशाला." केराबाई म्हणजे त्यांची बहीण. "पाच दिवस..." आणि कुंडलिकरावांचं वाक्य तिथेच राहिलं.

 बाकीचं त्यांनी मनातच जुळवलं. ओल्या मालावर सत्तर किलोंचा माणूस पहाटे उभा राहतो, लोखंडी हातोड्याने ठोकतो, फरशी खालून सुटते, दुसऱ्या दिवशी भद्द वाजते, म्हणून तो बाजूची ठोकतो. कुंडलिकराव पलंगावर बसले. त्यांचा रंग त्या नव्या फरशीसारखा झाला होता.

"म्हंजे रोग मीच?" त्यांनी विचारलं.

"आन डाक्टर बी तुमीच," बजाबाई म्हणाल्या.

गुरुवारी अकराच्या सुमारास सिद्धरामअण्णा आले. पांढरं धोतर, हातात लोखंडी टोकाची काठी. पन्नास मजूर धाकात ठेवणारा माणूस. त्यांच्यासमोर बसायला कुणी खुर्ची ओढत नसे. हॉलभर फुल्या पाहून त्यांनी भुवया वर केल्या. शिवशरण हात जोडून पुढे झाला आणि म्हणाला, "अण्णा, ह्ये काम तुमी दुसऱ्या कुनाला..."

"थांब," कुंडलिकराव म्हणाले.

 कालचं सोडलं तर आयुष्यात त्यांनी बायकोजवळसुद्धा चूक कबूल केली नव्हती, आणि आता तर सून उभी होती, खिडकीशी शांतम्माही होत्या. तरी त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारचं सव्वापाचचं, मंगळवार-बुधवारच्या पहाटेचं, आतल्या दोन खोल्यांचं. शेवटी म्हणाले, "गवंड्याचा हात चोख हाय. घान मी केली. काम त्यालाच द्या."

भारत आणि रेश्मा तोंडं उघडी टाकून ऐकत होते. शिवशरण तर कुंडलिकरावांकडे असा बघत होता, की आनंद आधी करावा का राग आधी करावा हे त्याला ठरवता येत नव्हतं. अण्णांनी बराच वेळ काठी फिरवली. मग निकाल दिला. बावीसच्या बावीस फरश्या शुक्रवारी काढून पुन्हा बसवायच्या. मंगळवारी आपण येऊन एकेक वाजवून घेणार. सगळ्या भरीव निघाल्या तर काम शिवशरणचं. एक जरी पोकळ निघाली तर नाही. "आन तवर ह्यांना हितनं हलवा," असं म्हणून त्यांनी काठीने कुंडलिकराव दाखवले.

कुंडलिकराव त्याच संध्याकाळी हातोड्यासकट होटगीला बहिणीकडे गेले. आपण रोज कुठे होतो याला साक्षीदार असावा म्हणून ते सकाळ-संध्याकाळ स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसत. घरी शिवशरणने शुक्रवारी दिवसभर खपून बावीस फरश्या बसवल्या, फडक्याने सिमेंटचे डाग पुसले, दाराला आडवी फळी लावली आणि जाताना आत जाऊ नका म्हणून तिघांचेही पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

मंगळवारी सगळे जमले. कुंडलिकराव सकाळच्या गाडीने आले आणि हातोडा गेटाबाहेर ठेवून मगच आत आले. अण्णा उंबऱ्यात उभे राहिले. फळी काढली, आणि शिवशरण नाणं घेऊन गुडघ्यांवर बसला.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण. शिवशरणच्या खांद्यांतला ताण एकेका ठोक्याला उतरत होता. आठवी भद्द वाजली.

त्याने पुन्हा वाजवली. भद्दच. बाजूचीही भद्द. खिडकीखाली दोन, भिंतीकडे एक, आणि उंबऱ्यालगत एक. एकूण सहा. शिवशरण उठला नाही. नाणं हातातून सुटून घरंगळत सोफ्याच्या जागेकडे गेलं, तिकडेही त्याने पाहिलं नाही.

सगळ्यांच्या माना एकदम कुंडलिकरावांकडे वळल्या.

"टपरीवाल्याला फोन लावा," कुंडलिकराव म्हणाले.  "मी हितं पाऊल टाकलं न्हाय."

 मग भारतने घसा खाकरला. रविवारी, तो म्हणाला, त्याला सुट्टी होती, आणि नीट बसल्यात का एवढंच बघायचं होतं. पाचाच्या नाण्याने. आठवी आणि नववी. आत जाऊन वाजवावं लागलं, कारण हात पुरत नव्हता. कुंडलिकराव पोराकडे बघतच राहिले.

खिडकीखालच्या दोन आपल्या, असं रेश्मा जमिनीकडे बघत म्हणाली. लाटण्याने. माहेरहून आई रोज फोन करून विचारत होती, तेव्हा तिला आवाजच ऐकवला.

"आन भिंतीकडची?" शिवशरणने विचारलं.

बजाबाईंनी पदर सारखा केला. घरात अक्कल शाबूत असलेलं एकच माणूस म्हणजे त्या, असं आजवर सगळे मानत आले होते. "म्या हळूच मारला हुता," त्या म्हणाल्या.

"काय हळूच मारला, आई?" भारतने विचारलं.

"बत्ता."

शिवशरणने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पाच झाल्या. उरली उंबऱ्यालगतची. भारतने बायकोकडे पाहिलं, बायकोने सासूकडे, सासूने नवऱ्याकडे. चौघांनीही नाही म्हणून माना हलवल्या. खिडकीतून शांतम्मांनीही हलवली.

"शनिवारी अण्णा आलेले," रेश्मा आठवत म्हणाली. "इकडून चाललोय म्हणाले, पाणी मागितलं. मी पाणी आणायला आत गेले तेव्हा हितंच उभे होते..."

 सगळे हळूहळू उंबऱ्याकडे बघू लागले. अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग धोतराच्या सोग्यामागे घेतली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"शिवशरण," ते म्हणाले, "कार्यालयाचं काम कधी धरतोस?"

शिवशरण उठला, गुडघे झाडले आणि पहिल्यांदाच अण्णांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलला.

"उद्या धरतो. पन किल्ली माझ्यापाशी ऱ्हाईल, अण्णा. आठ दिवस तुमी बी आत यायचं न्हाय."

"न्हाय येत," अण्णा म्हणाले.