मच्छरदाणीतलं हायकोर्ट

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई सकाळी सकाळी कारखान्यात शिरल्या त्या नाक पुढे करूनच. नाक मुळात बेताचंच असावं, पण आज ते टोमॅटोएवढं झालं होतं. काखेतली मच्छरदाणी त्यांनी टेबलावर आपटली.

"हे बघा तुमचं काम! रात्रभर आत मी एकटी आणि डास शंभर. बाहेर एक नव्हता हो, सगळे आत!"

"आमच्या मच्छरदाणीत डास शिरत नाही," टेबलामागून आवाज आला. "निजायला जाताना तुम्हीच सोबत घेऊन गेला असाल."

हा आवाज हायकोर्टाचा. तोंडावर तिला सगळे आई म्हणत, कारखान्यातले शिंपी, मास्तर, 'बाई' म्हणत, पण पाठ वळली की ती हायकोर्ट. तिने एकदा निकाल दिला की वर अपील नाही, म्हणून. घराच्या तळमजल्यावर मच्छरदाण्यांचा हा कारखाना तिने स्वतः उभा केला होता. मास्तर शिवत, थोरला मुलगा गिऱ्हाइकं बघे, धाकटी सून घड्या घालून गठ्ठे बांधे. आणि तपासणी? तिला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही.

तपासणीची पद्धतही तिचीच. छताच्या हुकाला मच्छरदाणी टांगायची, बाहेर मोठा दिवा लावायचा, आत स्टूल ठेवायचं आणि त्यावर हायकोर्टाने बसायचं. मग गरागरा मान फिरवत चारही बाजू बघायच्या. जाळी म्हणजे मुळात भोकंच भोकं. त्यातलं नको ते भोक हुडकायचं, हे काय सोम्यागोम्याचं काम नव्हे. मच्छरदाणी पास झाली की गळ्यातल्या रिळाचा लाल दोरा कोपऱ्याला बांधायचा. लाल दोरा म्हणजे तिचा शब्द.

रेक्टरबाईंनी कोपरा उचलून दाखवला. तिथे लाल दोरा होता. आणि त्याच्या वर वीतभर शिवण अशी आ वासून उघडी होती की डासच काय, मांजर आत येऊन पिल्लं घालून गेली असती.

"उद्या परत येते," रेक्टरबाई म्हणाल्या. "हे कसं झालं ते सांगा. नाहीतर सगळा माल परत."

त्या गेल्या आणि कारखान्यात मशीनसुद्धा गप्प झालं.

"हा दोरा मी बांधलेला नाही," हायकोर्ट म्हणालं. "उसवलेल्या मालाला मी दोरा बांधीन? कोणीतरी नापास माल घेतला आणि माझा दोरा बांधून गठ्ठ्यात सारला." आणि तिने मान वळवून धाकटीकडे पाहिलं. "गठ्ठे कोण बांधतं?"

धाकटीने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. थोरला खोकला. मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो सुई सोडून बोटातच ओवला.

"ज्याने हे केलं असेल, त्याने या कारखान्यात पाऊल टाकायचं नाही," हायकोर्टाने बजावलं. "मग तो घरचा असो नाहीतर दारचा. वर बसायचं आणि भिंती मोजायच्या."

हे ऐकून धाकटीचा चेहरा उतरला. तिचा सगळा जीव त्या कारखान्यात. वरच्या मजल्यावर तासभर बसवलं तर तिला ताप भरायचा.

आता गुन्हेगार पकडायचा कसा? यावर हायकोर्टाकडे नामी युक्ती होती, आणि ती एका पिक्चरमधून आलेली होती.

गेल्याच आठवड्यात ती शेजारणीबरोबर तो पिक्चर बघून आली होती, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. लिफ्ट बनवणारी एक गडगंज कंपनी. लिफ्टचे दोर कच्चे. माणसं पडतात, कंपनी हात झटकते. कंपनीचा वकील कोर्टात शपथेवर सांगतो, दोर पक्के होते. कंपनी त्याला मोठी केबिन देते. पण केबिन वरच्या मजल्यावर! तिथे जायचं म्हणजे त्याच लिफ्टने. मग तो जिने चढतो. रोज चढतो. एकेका पायरीला त्याचं मन त्याला खातं. आणि शेवटी भर कोर्टात आपला काळा कोट उतरवतो, खुर्चीला अडकवतो, आणि वकील होता तो साक्षीदार होऊन पिंजऱ्यात उभा राहतो. "मी खोटं बोललो," एवढंच म्हणतो.

"काय माणूस आहे!" हायकोर्ट ज्याला त्याला सांगे. "बोलायच्या आधी खिशातून रुमाल काढतो, काहीतरी पुसतो, आणि मग असा सरळ डोळ्यांत बघतो ना, की समोरच्याने नजर खाली घालावी. घाम पुसत असणार बिचारा. खरं बोलायला घाम गाळावा लागतो. आणि काय ते डोळे! आमच्या घरात एकाचे तरी आहेत का तसे?"

तर युक्ती अशी. सगळ्यांना दुपारच्या खेळाला न्यायचं. पडद्यावर खोटेपणा उघडा पडायला लागला की खरा चोर चुळबुळणार. तो आपण टिपायचा.

"कारखाना बंद ठेवून पिक्चर?" थोरला म्हणाला. "आई, तुला बरं वाटत नाहीये का?"

"मला ठणठणीत वाटतंय. तुला आत्ताच घाम का आला?"

थिएटरात तिने शेवटची रांग घेतली. पुढे बसतात ते टवाळ, हे तिचं मत. ती सगळ्यांच्या मधोमध बसली आणि पडद्याकडे न बघता डावी-उजवीकडे एकेकाचं तोंड न्याहाळू लागली. अंधारात तोंडं कुठे दिसायला? कानावर येई तो फक्त पडद्याचा आवाज. तिकडे वकील जिने चढायला लागला, तशी हिची मान हळूहळू पडद्याकडे वळली. कंपनीचा मालक म्हणाला, "आमची लिफ्ट उत्तम आहे," तेव्हा हायकोर्ट सरळ उभंच राहिलं.

"उत्तम आहे ना? मग बस की तुझ्या आईला घेऊन तीत!"

सगळं थिएटर हसलं. पुढून कोणी शिट्टीसुद्धा मारली.

"आई, खाली बसा, पिक्चर आहे हा," धाकटीने हात ओढला.

"पिक्चर आहे म्हणून काय वाट्टेल ते ऐकून घ्यायचं?"

शेवटी कोट खुर्चीला अडकला तेव्हा ती इतकी रडत होती की चोर टिपायचं साफ राहून गेलं. दिवे लागल्यावर तिने पाहिलं, तर थोरला घामाने निथळत होता, मास्तर हुंदके देत होते. धाकटी तेवढी गप्प बसून सासूला रुमाल देत होती. म्हणजे निगरगट्ट हीच, हायकोर्टाने मनात नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी रेक्टरबाई आल्या तेव्हा कारखान्यात कोर्ट भरलं होतं. हुकाला हायकोर्टाने सकाळीच पास केलेली एक मच्छरदाणी टांगलेली, आत स्टूल. तोच साक्षीदाराचा पिंजरा. हायकोर्ट बाहेर खुर्चीत.

"धाकटे, आत बस. खरं सांगायचं. लाल दोरा बांधलेल्या मालाला तू हात लावतेस?"

जाळीआडून आवाज आला, "लावते."

"घडी घालायला नव्हे. दोरा सोडायला?"

"हो."

"म्हणजे माझा दोरा सोडतेस आणि पुन्हा बांधतेस?"

"हो, आई. रोज."

"रोज!" हायकोर्ट टाळी वाजवून रेक्टरबाईंकडे वळलं. "ऐकलंत? घरातच घुशी! ऊठ तिथून. वर जा. आजपासून..."

"थांबा बाई!" मास्तर मशीनवरून उठले. त्यांनी अंगातला कोट उतरवला, खुर्चीला अडकवायला गेले, पण खुर्चीत हायकोर्ट. मग तो मशीनवरच टाकला. "मला आत बसू द्या. काल तो पिक्चर बघितल्यापासून घास उतरत नाहीये."

धाकटी आतून म्हणाली, "मास्तर, राहू द्या ना. मी सांगितलंय सगळं."

"काय सांगितलंस? अर्धंच सांगितलंस." मास्तर तिला बाजूला सारून मच्छरदाणीत शिरले. "बाई, तुम्ही संध्याकाळी चहाला वर गेलात की ही पोरगी तुमचा पास झालेला माल पुन्हा टांगते. आत बसते. उसवलेलं हुडकते. मी शिवतो. मग ती दोरा होता तसा बांधते. थोरल्या साहेबांना ठाऊक आहे. ते जिन्यात पहारा देतात."

हायकोर्टाने थोरल्याकडे पाहिलं. त्याने जमिनीकडे.

"आणि रेक्टरबाईंचा माल?"

"तेव्हा धाकटी माहेरी गेली होती, गठ्ठे मीच बांधले," थोरला पुटपुटला. "तो माल तू बघितलास तसाच गेला, आई."

मग हायकोर्ट उठलं.

"कट आहे हा. मास्तर, निघा बाहेर. मी बसते." ती आत गेली, स्टुलावर बसली, मान चारही बाजूंनी फिरवली. "रेक्टरबाई, तुमच्यादेखत सांगते. या मच्छरदाणीला एक भोक नाही. हवा यायची ती विचारून येते."

तिचं वाक्य संपतं न संपतं तोच डाव्या बाजूने, खांद्याशी, एक हात आत आला. अख्खा, कोपरापर्यंत. हात धाकटीचा होता. आणि त्या हातात चष्मा होता. डॉक्टरांनी दिलेला, पण "चष्मा लावायला मी काय म्हातारी झाले?" म्हणून कपाटात तळाला दडपलेला, तो धाकटीने एवढ्यात हुडकून आणला होता.

हायकोर्टाने हाताकडे पाहिलं. मग हात जिथून आला होता तिकडे.

"हा... हा हात कुठून आला?"

"जिथून डास येतात तिथून," रेक्टरबाई म्हणाल्या.

आता जाळीआडून तिचा चेहरा कोणाला नीट दिसत नव्हता. दिसली फक्त सावली. सावलीने बराच वेळ चष्मा हातात फिरवला. मग डोळ्यांवर चढवला. मग तिने गळ्यातलं लाल दोऱ्याचं रीळ काढलं.

ती बाहेर आली आणि रेक्टरबाईंसमोर ताठ उभी राहिली. मानेत वाक नाही, आवाजात कंप नाही.

"दोरा माझा होता. भोकंही माझीच. तुमच्या नाकाची मी गुन्हेगार. सगळा माल संध्याकाळपर्यंत नीट होऊन येईल." मग ते रीळ तिने धाकटीच्या गळ्यात घातलं. "आजपासून दोरा तू बांधायचा. माझ्या चुका झाकल्यास, वर शिव्याही खाल्ल्यास. अगं, तोंड होतं ना तुला?"

"तोंड होतं, आई. पण तुम्ही त्या स्टुलावर बसलात की कारखाना भरल्यासारखा वाटतो. तुम्हाला तिथून कोण उठवणार?"

"उठले कुठे?" हायकोर्ट कडाडलं. "तू माल तपास. मी तुझी तपासणी तपासीन. आणि मास्तर, इकडे या! ही शिवण आहे का नागमोडी रस्ता? आणि थोरल्या, तुझे केस कधी पिकले? कोळिष्टकं किती ही! या घरात कोणी झाडतं का नाही?"

थोरला धाकटीच्या कानात म्हणाला, "चष्मा परत कपाटात ठेवता येईल का गं?"

रेक्टरबाई हसत हसत गेल्या. जाताना स्वतःच्या घरासाठी एक मच्छरदाणी सांगून गेल्या. दोरा धाकटीच्या हातचा, अशी अट घालून.

एवढ्यावर निभावलं असतं. पण संध्याकाळी माल पोचता केल्यावर हायकोर्ट धाकटीला म्हणालं, "चल, तो पिक्चर पुन्हा बघू. काल रडण्यात शेवट नीट बघायचा राहिला."

दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. दिवे मालवले. पडद्यावर वकील आला, आणि सासूने धाकटीचा हात गच्च पकडला.

"अगं! अगं, याला चष्मा आहे!"

"आहे ना. बारीक काड्यांचा. पहिल्यापासून आहे."

"मग रुमालाने पुसतो ते?"

"चष्माच पुसतो, आई. त्याशिवाय समोरचा दिसेल कसा?"

"आणि हे मला कोणी सांगितलं नाही?"

"तुमच्यापुढे चष्म्याचं नाव काढायची कोणाची छाती होती?"

हायकोर्ट खुर्चीच्या टोकाला सरकून बघू लागलं. पडद्यावर माणूस जिने चढत होता, एकेक पायरी. शेवटी तो कोर्टात उभा राहिला, कोट उतरवला आणि खिशातून रुमाल काढला. तेव्हा अंधारात शेवटच्या रांगेत तिनेही आपला रुमाल काढला, नाकावरचा चष्मा उतरवून दोन्ही काचा नीट पुसल्या आणि पुन्हा ऐटीत चढवला.

"मी म्हटलं होतं ना," ती धाकटीला म्हणाली, "आमच्या घरात एकाचे तरी डोळे त्याच्यासारखे आहेत म्हणून!"