लाल पेन्सिल आणि पुलापलीकडचं घर

मेहुणा खोलीची मापं घेत होता. टाइमकीपर आणि त्याची बायको चार महिने ज्या खोलीत झोपत होते, तीच खोली. टेपचं एक टोक त्याने टाइमकीपरच्याच हातात दिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "पोरीचं अभ्यासाचं टेबल इथे बसेल ना, भावजी?" टाइमकीपर "बसेल की" म्हणाला, पण टेप इतकी सैल धरली की माप दोनदा घ्यावं लागलं.

झालं होतं असं, की कारखाना शहराच्या एका टोकावरून उठून दुसऱ्या टोकाला गेला. मेहुण्याचं घर नव्या गेटपासून चालत सहा मिनिटांवर, म्हणून हे दोघं आठ-पंधरा दिवसांसाठी तिथे उतरले आणि तिथेच रुतले. आता घर घ्यायचं तर होतंच. पैसेही होते, म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. पण गेटजवळचं घर खिशाला झेपत नव्हतं, आणि झेपणारं घर गेटजवळ नव्हतं. आणि लांब राहायचं म्हटलं की टाइमकीपरला दरदरून घाम फुटायचा.

त्याला कारण होतं. गेटजवळच्या खिडकीत बसून हजेरीचं रजिस्टर सांभाळायचं आणि उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल पेन्सिलीने फुली मारायची, हे त्याचं काम. तीन फुल्या झाल्या की अर्धा दिवस कापला. एकोणीस वर्षांत त्याने कोणाची गय केली नव्हती, मॅनेजरसाहेबांचीही नाही. कामगार पाठीमागे त्याला भोंगा म्हणायचे. सगळ्यात जास्त फुल्या होत्या एका टर्नरच्या. तो पुलापलीकडे राहायचा, रोज सव्वानऊला उगवायचा, आणि म्हणून त्याचं नावच सव्वानऊ पडलं होतं. रोज एकच सांगायचा, पुलावर बस अडकली.

एक दिवस खिडकीपुढे चांगली पन्नासेक माणसं उभी असताना टाइमकीपरचा तोल गेला. "पूलबिल काही नसतं रे. माणूस आळशी असतो. मला ज्या दिवशी उशीर होईल ना, त्या दिवशी ही पेन्सिल तुझ्या हातात देईन."

सव्वानऊ नुसता हसला. बाकीच्या पन्नास जणांनी ते वाक्य नीट घडी करून मनात ठेवलं. आधीचा टाइमकीपर दोनदा उशिरा आला होता, तो गेली एकोणीस वर्षं गोडाऊनमध्ये खिळे मोजत होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. टाइमकीपरला तर ते स्वप्नात दिसायचं.

तर घरं बघणं सुरू झालं. गेटसमोरच्या घरात स्वयंपाकघर इतकं चिंचोळं होतं की बायको आत गेली आणि उलट्या पावलांनी बाहेर आली. किंमत ऐकून टाइमकीपरही तसाच बाहेर आला. मधल्या वस्तीतलं घर बरं होतं, पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जराशी कुरकुरली. "सकाळी अडकलो तर?" म्हणून त्याने ते तिथल्या तिथे बाद केलं. जिन्याने जा, असं बायको म्हणाली. जिन्याचा दरवाजाही अडकू शकतो, असं तो म्हणाला.

मग एजंटने पुलापलीकडे नेलं. दोन खोल्या, भरपूर उजेड, किंमत बजेटमध्ये आणि वर बाल्कनी. बायको बाल्कनीत जाऊन उभी राहिली ती आत येईना.

"अहो, हेच," ती म्हणाली. "दुसरं दाखवू नका आता."

"अगं, पण पूल आहे मध्ये."

"पूल तर पूल. पोहत जायचंय का तुम्हाला?"

एजंट म्हणाला, दारापासून गेटपर्यंत चाळीस मिनिटं. टाइमकीपरने एजंटच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नव्हे असं सुनावलं आणि स्वतः रंगीत तालीम करायची ठरवली. हातात घड्याळ, खिशात वही, दारापासून गेटपर्यंत. एकदा नाही, तीनदा. पहिल्या खेपेला एक्केचाळीस मिनिटं, दुसऱ्या खेपेला चाळीस, तिसऱ्या खेपेला बेचाळीस, कारण बूट सैल होता. पुलावर वारा सुटला होता आणि बस एकदाही थांबली नाही. सव्वानऊ खोटारडा आहे, हे आता वहीत पुराव्यासकट होतं. त्याने घर घेतलं.

एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. कामाच्या दिवशी सकाळी तो खिडकीत असायचा, म्हणून तिन्ही तालमी त्याने रविवारी केल्या होत्या.

नव्या घरातून पहिला दिवस, सोमवार. साडेआठला खिडकी उघडायची, म्हणून तो सात वाजून दहा मिनिटांनी निघाला. म्हणजे दुप्पट वेळ हाताशी. स्टॉपवर पोचल्यावर कपाटाची किल्ली घेतली की नाही अशी भीती वाटली, म्हणून तो धावत घरी परतला. किल्ली त्याच्या मुठीतच होती. बायकोने मूठ उघडून दाखवली. तेवढ्यात एक बस गेली. पुढची भरून आली आणि न थांबता गेली, तिच्या पुढचीही तशीच. चौथ्या बसच्या दारात त्याला एक पाय ठेवायला मिळाला, दुसरा पाय कोणाच्या तरी पिशवीवर होता. कसाबसा आत सरकला, तर खिडकीशेजारी सव्वानऊ ऐसपैस बसून पेपर वाचत होता.

"या साहेब," सव्वानऊ सरकून म्हणाला. "एक स्टॉप मागे जाऊन चढायचं असतं. मग बसायला मिळतं."

बस पुलावर चढली आणि थांबली. पुढे ट्रक, मागे शाळेच्या गाड्या, मध्ये एक माणूस स्कूटरवरून उतरून शांतपणे चष्मा पुसत होता. टाइमकीपरने घड्याळ पाहिलं. आठ वाजून वीस. पुन्हा पाहिलं, तर पावणेनऊ. गोडाऊनमधले खिळे डोळ्यांपुढे यायला लागले, मोठे, गंजलेले.

"किती वेळ थांबते रे?" त्याने विचारलं.

"सोमवारी जरा जास्तच."

"म्हणजे गेटवर कधी?"

सव्वानऊने पेपरची घडी घातली. "आता माझं नाव मी माझ्याच तोंडाने काय सांगू."

उतरल्यावर टाइमकीपर धावत सुटला. सव्वानऊ आपला मागून रमत गमत येत होता. धावून कधी एक मिनिटसुद्धा वाचलं नाही, हा त्याचा अनुभव होता.

गेटवर दोनशे माणसं उभी होती. रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली एकच, कारण दुसरी किल्ली कोणाकडे द्यायला टाइमकीपरचा कोणावर विश्वास नव्हता. सही झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा कारखान्याचा नियम. त्यामुळे दोनशेच्या दोनशे बाहेर. त्यांच्या पुढे मॅनेजरसाहेब, हाताची घडी घालून.

किल्ली कुलपात जाईना. तिसऱ्या झटक्याला गेली. त्याने रजिस्टर काढलं, पेन्सिल काढली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती सव्वानऊपुढे धरली. पेन्सिल अशी थरथरत होती की हवेतच फुल्या पडत होत्या.

सव्वानऊने हात पुढे केला नाही. तो खिडकीवर चिकटवलेला कागद वाचत होता. कागद टाइमकीपरनेच लिहिलेला. रजिस्टर उघडल्यापासून चाळीस मिनिटांनंतर येणारा तो उशिरा.

"उघडलं किती वाजता?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"आत्ता, साहेब. नऊ सतरा."

मॅनेजरसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "नियम तुमचाच आहे. लिहा मग, सगळे वेळेवर," आणि आत निघून गेले. सव्वानऊने दुसऱ्या नंबरवर सही केली आणि स्वतःच्या सहीकडे जरा वेळ बघत राहिला. अशा जागी ती त्याने कधी पाहिली नव्हती.

दुपारच्या सुट्टीत पाच-सहा जण खिडकीशी आले. आले पेन्सिल मागायला, असं टाइमकीपरने ओळखलं आणि स्वतःच ती पुढे सरकवली.

"ती राहू दे तुमच्याकडेच," सव्वानऊने ती परत सरकवली आणि एक कागद ठेवला. "घरं आहेत साहेब. तुमच्या आत्ताच्या घराच्याही पलीकडची. चार स्टॉप पुढे एक आहे, दोन बाल्कन्या. वहिनींना विचारा. भाव आम्ही पाडून घेतो, सामानही आम्हीच हलवू."

"अरे, चार स्टॉप पुढे?" टाइमकीपर रडकुंडीला आला. "मग मी वेळेवर येणार कसा?"

"असं काय करता, साहेब," सव्वानऊ समजावत म्हणाला. "तुम्ही येता तेव्हाच तर वेळ सुरू होते."

टाइमकीपरने कागद हातात घेतला. खाली शिफारस म्हणून सह्या होत्या, दोनशेच्या आसपास. सगळ्यात वरची सही मॅनेजरसाहेबांची होती.