एकशेचारवर अडलेला काटा

शामराव पेडणेकरांचा वजनकाटा एकशेचारवर जो येऊन बसला, तो नऊ आठवडे उठायचं नाव घेईना. पहिल्या तीन महिन्यांत आठ किलो भराभर उतरले होते. मग आषाढ लागला आणि काय बिनसलं कोणास ठाऊक, शंभर ग्रॅमसुद्धा हलायला तयार नव्हते.

काळाचौकीतल्या त्या दोन खोल्यांत याचा घोर मोठा होता, कारण गुडघ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, शंभराच्या आत या, मग ऑपरेशनचं बघू. भोईवाड्यातल्या देवळात बावीस वर्षं बुवांच्या मागे उभं राहून टाळ धरणारा हा माणूस हल्ली मागच्या खांबाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाळ वाजवत होता. अभंग रंगात आला, पुढे टाळकऱ्यांची पावलं पडू लागली, की शामरावांचे डोळे भरून यायचे. खुर्चीही कुरकुरायची.

पथ्याला मात्र माणूस सच्चा. आहाराच्या दीपिका मॅडमनी सांगितलं होतं की तोंडात जाईल ते वहीत लिहायचं. शामराव खोकल्याची गोळीसुद्धा लिहीत. सकाळी नाचणीची अर्धी भाकरी, दुपारी मुगाची आमटी, रात्री नुसतं ताक. एवढ्यावर एकशेचार म्हणजे घरातच कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं.

संशय आधी तेलावर गेला. त्यांनी बरणीवर पेनाने रेघ मारली. तिथे काही सापडेना, तेव्हा फोडणीच्या वेळी ओट्याशी स्टूल टाकून बसू लागले. त्यांची बायको सुभद्राबाई चमचा त्यांच्या डोळ्यांसमोर धरून तेल मोजत.

"अजून थेंबभर कमी कर," शामराव म्हणत.

"मगे पाण्याचीच घालतंय फोडणी," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच तशी घालू लागल्या.

तरी एकशेचारच. शेवटी एका दुपारी शामरावांच्या तोंडून नको ते निघून गेलं. "सुभद्रा, खरं सांग. भाकरीच्या पिठात तूप घालतेस ना? मी पुन्हा उभं राहावं असं तुलाच वाटत नाही."

बाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात मी पण येतंय."

दवाखान्यात काट्याने पुन्हा एकशेचार दाखवले, तेव्हा शामरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरचा काटा बिघडलेला, हाही बिघडलेला.

"मॅडम, हिला उभी करून बघा. दहा वर्षं हिचं वजन चौसष्ट आहे. आत्ता कळेल."

सुभद्राबाई चपला काढून चढल्या. त्रेपन्न.

"बघा," शामरावांचा चेहरा उजळला, "चांगली अकरा किलोची खोट आहे."

दीपिका मॅडम हसल्या नाहीत. "काका, काटा आज सकाळीच तपासलाय." त्यांनी सुभद्राबाईंचा हात हातात घेतला. बांगड्या मनगटावरून सुटून थेट कोपराकडे गेल्या. "काकू, रात्री काय जेवता?"

"हे ताक पितात. मग एकटीसाठी काय रांधायचं? मी पण तेच पिते."

"आणि काकांना रात्री भूक लागत नाही?"

शामराव अभिमानाने म्हणाले की चातुर्मासात रोज संध्याकाळी कीर्तन असतं, तिथून आलं की पोट भरलेलंच असतं.

"कशाने?"

"कशाने म्हणजे? प्रसादाने."

"वहीत दिसत नाही तो."

"मॅडम, प्रसाद कोण वहीत लिहितं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शिरा साजूक तुपातला, केळं घातलेला. एक द्रोण शामरावांचा स्वतःचा. पण मंडळींत निम्म्यांना डायबेटिस. त्यांना प्रसादाला नको म्हणवत नसे, आणि टाकणं तर पापच. तेव्हा बोटभर जिभेला लावून ते आपले द्रोण मागच्या खुर्चीकडे सरकवत. शामराव मायाळू, त्यांनी एकही परत पाठवला नाही. अर्ध्या भोईवाड्याचं पथ्य नऊ आठवडे एकट्या शामरावांच्या पोटावर चाललं होतं.

"किती द्रोण, काका?"

"सहा," ते म्हणाले. मग देव ऐकतोय हे आठवून हळूच म्हणाले, "सात."

येताना बसमध्ये त्यांनी बायकोकडे पाहिलं. ब्लाउजच्या बाह्या लोंबत होत्या, गळ्याची हाडं वर आली होती. पाच महिने रोज सकाळी काटा बघणाऱ्या माणसाला समोरची बायको दिसली नव्हती. भाकरीतल्या तुपाचं आपलं बोलणं त्यांना आठवलं.

त्या संध्याकाळी द्रोण नेहमीसारखे मागे सरकू लागले. शामरावांनी एकेकाला हात जोडून सांगितलं, "माउली, ज्याचा त्याने घरी न्यावा." स्वतः चिमूटभर जिभेवर ठेवला आणि उरलेल्या द्रोणावर दुसरा उपडा घालून पिशवीत ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच देवळातला प्रसाद काळाचौकीला येत होता.

घरी त्यांनी वहीत लिहिलं, 'शिरा, चिमूटभर', आणि द्रोण सुभद्राबाईंपुढे ठेवला. त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला, बोटभर जिभेला लावला आणि सवयीने द्रोण नवऱ्याकडे सरकवला.

"नको," शामराव म्हणाले. "तुझाच आहे."

बाई खाऊ लागल्या. प्रत्येक घासाला बांगड्या कोपरापर्यंत जात आणि खाली येत. शामराव टाळ मांडीवर घेऊन ती किणकिण ऐकत बसले. ताल चुकत नव्हता, पण एवढ्याशा शिऱ्याने अकरा किलो काही भरून येणार नव्हते.