बॅटरी लागत नाही

कोल्हारात कॅमेरा एकच, तो माझ्याकडे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी त्याच्याबद्दल सांगत असे. शाळा सुटली की चावडीच्या ओट्यावर माझं व्याख्यान सुरू! चावडीतला रेडिओ निम्मा महिना मुका, कारण त्याची बॅटरी उतरलेली. माझ्या जर्मन यंत्राला ती भानगडच नव्हती. फिल्म पुढे सरकवली की आतली स्प्रिंग ताणली जाते, खटका दाबला की तीच पडदा उघडते आणि मिटते. ‘याला बॅटरी लागत नाही,’ हे माझं पालुपद.

ते ऐकूनच छगन आला. त्याची आई आक्काबाई अंथरुणाला खिळली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते.

“मास्तर, बा गेला तवा फोटू न्हवता,” तो म्हणाला. “आता त्याचं तोंडच आठवत न्हाई. आईचं तेवढं ऱ्हाऊ द्या.”

लढाईमुळे फिल्म मिळेनाशी झाली होती. माझ्याकडे शेवटच्या एका फोटोपुरती फिल्म उरली होती, ती मी आक्काबाईंसाठी देऊन टाकली. मला फार वाईट वाटलं होतं त्याच्यासाठी.

सकाळी गेलो तर आक्काबाईंना नवं लुगडं नेसवून माजघरात निजवलेलं. वारा लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट. स्वतःचा हात दिसेना! इथे फोटो कसा काढणार, असं मी विचारलं.

“तुमीच म्हनला न्हवं, बॅटरी लागत न्हाई?” छगन म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे बॅटरी म्हणजे हातातली, सेलवर पेटणारी! माझा कॅमेरा अंधारात बघतो अशीच गावाची समजूत झाली होती. मी वैतागून म्हणालो, मग आता ती बॅटरी तरी आणा. छगनची बायको बनुबाई तडक निघाली. भावकीत बॅटरी एकट्या गहिनीनाथांकडे. ते आक्काबाईंचे थोरले दीर.

ती गेल्यावर मला सुचलं की खाट ओसरीवर आणली तरी भागेल. चौघांनी उचलून आणली. कोवळं ऊन आलं होतं. बऱ्याच दिवसांनी गोठ्यातली म्हैस दिसली आणि आक्काबाई हसल्या. छगननं तोंड फिरवून डोळे पुसले.

मी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. त्यात मधोमध एका माणसाची दोन माणसं दिसतात. भिंगाचं कडं फिरवून ती एकावर एक आणायची. दोन्ही आक्काबाई सरकत सरकत एक झाल्या. मी खटका दाबायला आणि गहिनीनाथ अंगणात यायला एकच गाठ पडली. बॅटरी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही म्हणून ते स्वतःच आले होते, आणि भर उन्हात ती पेटवून धरली होती.

थोरले दीर समोर, ज्यांना तिनं लग्नापासून कधी तोंड दाखवलं नव्हतं! ज्या बाईला पाण्याचा पेला उचलवत नव्हता तिनं पदर सर्रकन हनुवटीपर्यंत ओढला. या कॅमेऱ्यात खटका दाबतानाही समोरचं दिसत राहतं, त्यामुळे मी ते सगळं नीट पाहिलं. रेडिओसारखं हे यंत्र एकदा तरी बंद पडायला हवं होतं.

आठवडाभरात आक्काबाई गेल्या. तेराव्याला फोटो नगरहून धुऊन आला. पदराचा धागा न् धागा मोजता येत होता. छगननं तो उजेडाकडे धरला, तिरपा केला, मागूनही बघितला. पाहुणे विचारू लागले, ही कोण?

गहिनीनाथांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

“आक्काच की ही,” ते म्हणाले. “हुबेहूब हाय.”