देव्हाऱ्यातला पासपोर्ट

पुणे विमानतळावर इमिग्रेशनच्या बाईंनी सर्जेरावांचा पासपोर्ट मशीनवर ठेवला आणि पडद्यावर लाल पट्टी उमटली. वाघोलीचे सर्जेराव आणि मथुराबाई बँकॉकला निघाले होते. लेकीच्या मुलीचं उद्या बारसं होतं आणि आज दुसरं विमान नव्हतं.

"हा पासपोर्ट चोरीचा आहे," बाई म्हणाल्या.

"माझाच हाय की! फोटो बघा."

"फोटो आपला आहे. नावही आपलं. चोरीची तक्रारही आपणच केलेली दिसतेय."

सर्जेरावांना सगळं आठवलं. गेल्या वर्षी पासपोर्ट घरातून गायब झाला, तेव्हा त्यांनी रंगकामाला आलेल्या मकबूलवर संशय घेतला. तो अर्धी भिंत तशीच सोडून निघून गेला. तक्रार झाली, नवा पासपोर्ट आला. मग नवरात्रात देव घासायला काढले, तर जुना खंडोबाच्या टाकाखाली, लाल फडक्यात! हळदकुंकू वाहून सर्जेरावांनीच तो तिथं ठेवला होता. पण कबूल कोण करणार? "देवानं परत दिला," असं त्यांनी गावभर सांगितलं आणि आज देवानं दिलेलाच घेऊन निघाले.

"बोटं ठेवा," बाईंनी काचेकडे खूण केली. काच क्षणभर उजळली. "आपण आपणच आहात. पासपोर्ट मात्र रद्द झालाय. चोरीला गेला म्हणून एकदा कळवलं, की तो कुठंच चालत नाही."

सर्जेराव संकट विसरून काचेकडे बघत राहिले. "नुसत्या बोटांवरनं वळखलं? आमच्या सोसायटीचा वॉचमन अजून नाव इचारतो!"

"नवा कुठाय?"

"देव्हाऱ्यात. टाकाखाली. म्हटलं, तिथं सुखरूप ऱ्हाईल."

मथुराबाईंनी कपाळाला हात लावला. "आवो, निघताना मी माघारी कशाला पळाले हुते? नातीच्या बारशाला देव नको?"

त्यांनी पर्समधून लाल फडकं काढून सोडलं. आत खंडोबाचा टाक आणि त्याखाली पिवळाधमक झालेला नवा पासपोर्ट.

बाईंनी तो रुमालाने पुसला, तपासला आणि शिक्का मारला. "हळद जरा बेतानं वाहा. मशीनला सवय नाही."

"काय मशीन हाय!" सर्जेराव पुढे चालताना म्हणाले. "चोर घटकेत धरला!"

"चोर घरातच हाय, हे मी तवाच सांगत हुते," मथुराबाई म्हणाल्या. "आता माघारी आल्यावर आधी मकबूलच्या घरी जायचं. आन् ऱ्हायलेली भिंत तुम्ही रंगवायची. ही बोटं मलाबी वळखू येतात."